गाडीचा एअर फिल्टर निवडताना: कागदाआधी कड बघा

मार्च महिन्यात मामा त्यांची डिझेल जीप घेऊन आले. "अरे, बघ बरं जरा. इंजिन ऑइल खायला लागलंय." मामांचं गाव गेवराई तालुक्यात, शेवटचा सात-आठ किलोमीटरचा रस्ता मुरमाचा. समोर ऊस भरलेला ट्रॅक्टर असला की फुफाट्यात स्वतःच्या गाडीचा बोनटसुद्धा दिसत नाही. मी एअर फिल्टरचा डबा उघडला, फिल्टर बाहेर काढला आणि डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोटाला पांढरा रुमाल गुंडाळून फिरवला. रुमालावर तांबूस, पिठासारखी मऊ धूळ आली.

ती जागा फिल्टरच्या पलीकडची, इंजिनाच्या बाजूची. तिथे धूळ असताच कामा नये. फिल्टर चार महिन्यांपूर्वीच घेतलेला, वरवर पाहता अगदी चांगला. पण उजेडात धरला तेव्हा एका घडीच्या टोकाशी नखाएवढी चीर दिसली, आणि एका कोपऱ्यात रबरी कड आत दुमडलेली. मामा दर आठवड्याला पंक्चरच्या दुकानात जाऊन फिल्टरला हवा मारून घ्यायचे. काळजीपोटीच करत होते ते. त्या काळजीनेच कागद फाटला होता.

पहिली गाडी घेतलेल्या आणि पहिल्यांदाच स्वतः फिल्टर घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे. तीन-चारशे रुपयांची ही वस्तू चुकीची घेतली किंवा चुकीची बसवली, तर तिचा खर्च इंजिन भरतं.

एका लिटरमागे एक टँकर

पेट्रोल इंजिनात एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एका लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे त्याला जवळपास ११ किलो हवा हवी. आकारमानात मोजली तर ही हवा नऊ हजार लिटरांच्या वर जाते. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याचा दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, जवळजवळ तेवढी. पुणे ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर सुमारे २३५ किलोमीटर. गाडी लिटरला १८ देत असेल तर या एका फेरीत इंजिन असे बारा-तेरा टँकर हवा ओढतं, आणि ती सगळी त्या एका कागदातून जाते.

डोळ्याला दिसणारी खडी, पानं, किडे यांची भीती नाही, ते कुठलाही फिल्टर अडवतो. त्रास बारीक कणांचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ५ ते २० मायक्रॉनचे कण पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामधल्या ऑइलच्या थरात शिरतात. धुळीतलं क्वार्ट्झ इंजिनातल्या ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतं. व्हॉल्व्ह बसवताना मेकॅनिक जी ग्राइंडिंग पेस्ट लावतात, तसलाच लगदा ऑइल आणि धूळ मिळून तयार होतो. तो रिंगा घासतो, भिंती घासतो. मग ऑइल वर चढून जळायला लागतं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, उतरतं. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, असेल तर जोरात फिरणाऱ्या त्याच्या पात्यांच्या कडा झिजतात. हे सगळं महिनोन्‌महिने चालतं आणि डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही.

आधी जुना फिल्टर हातात घ्या

दुकानात जाण्याआधी हे काम करा. इंजिन गार असताना बोनट उघडा. काळ्या प्लास्टिकचा एक डबा दिसेल, त्यातून जाड, घड्यांचा रबरी पाइप इंजिनाकडे गेलेला असेल. तो एअर फिल्टरचा डबा. डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो तो केबिनचा, म्हणजे एसीचा फिल्टर. तो तुमच्या नाकासाठी असतो, इंजिनाशी त्याचा संबंध नाही. दुकानात नुसतं "एअर फिल्टर द्या" म्हटलं की कधी कधी हातात एसीचा पडतो, तेव्हा "इंजिनचा" हा शब्द लावूनच मागा.

डबा उघडण्याआधी त्याचं झाकण आणि आजूबाजूची जागा ओल्या फडक्याने पुसून घ्या. न पुसता उघडलं तर वरची धूळ आत पडते. मग क्लिपा सोडा. काही गाड्यांत स्क्रू असतात. झाकण जास्त उचलू नका. बऱ्याच गाड्यांत त्याला किंवा पाइपाला सेन्सरची वायर असते, ती ताणली जाईल.

फिल्टर बाहेर काढताना त्याची कुठली बाजू वर होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर वाद नको.

आता तो नीट बघा. मळकी बाजू मळकी असणारच. करड्या रंगाला घाबरून फिल्टर बदलू नका. उलटी, इंजिनाकडची बाजू बघा. तिथे धूळ दिसली तर फिल्टर गेला किंवा कडेतून हवा गळते आहे. रबरी कडेवर गोल बोट फिरवा. चौफेर सारखी दाबाची रेघ उमटलेली असायला हवी. एखाद्या जागी रेघ पुसट असेल किंवा कडेवरून धुळीचा ओघळ आत गेलेला असेल, तर तिथून हवा फिल्टरला वळसा घालून जात होती. मामांच्या फिल्टरवर असा ओघळ बोटभर रुंद होता.

शेवटी डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात पांढरा रुमाल फिरवा. रुमाल कोरडा आणि स्वच्छ आला तर आतापर्यंतचा फिल्टर आणि त्याची बसवणूक दोन्ही बरोबर होतं, त्याच जातीचा पुन्हा घ्या. थोडा तेलकट डाग येऊ शकतो, तो इंजिनाच्या वाफेचा असतो. बोटांत चोळल्यावर खरखर लागली तर मात्र ती धूळ.

जुन्या फिल्टरच्या कडेवर पार्ट नंबर छापलेला असतो. त्याचा फोटो घ्या. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये पेट्रोल आणि डिझेलचे फिल्टर वेगळे असतात, इंजिन बदललं की वेगळे, कधी उत्पादनाच्या वर्षानुसार वेगळे. "अमुक गाडीचा द्या" एवढ्यावर दुकानदाराने काढून दिलेला फिल्टर डब्यात बसतोही, पण कडेला तीन-चार मिलिमीटर ढिला राहतो. सेकंडहँड गाडी असेल तर आधीच्या मालकाने बसवलेल्या फिल्टरचा नंबरही चुकीचा असू शकतो. त्यासाठी आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवर जा, ते त्यावरून नेमका नंबर काढून देतात. हा एक हेलपाटा माझ्या मते घालायलाच हवा.

तुमचा रस्ता कसला आहे

गाडीच्या पुस्तिकेत फिल्टर तपासण्याचा आणि बदलण्याचा आकडा दिलेला असतो. पेट्रोल गाड्यांना तो बहुधा २०,००० ते ४०,००० किलोमीटरच्या दरम्यान असतो. पण त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: धुळीच्या भागात लवकर तपासा, लवकर बदला. आपल्यातले पुष्कळ जण त्या ओळीत मोडतात आणि वाचतात मात्र वरचा आकडा.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रोज ये-जा करणाऱ्याला पुस्तिकेतला आकडा चालेल. घराशेजारी मेट्रोचं किंवा मोठ्या इमारतीचं बांधकाम, रस्त्यात खडी क्रशर, मुरमाचा किंवा शिवारातला रस्ता, सुगीत मळणी यंत्राजवळून जाणं, यातलं काहीही रोजचं असेल तर मी तो आकडा सरळ निम्मा धरतो आणि दर ५,००० किलोमीटरला एकदा डबा उघडून बघतो. काळ्या रानाची धूळ आणि कोकणातल्या जांभ्याची लाल धूळ, दोन्ही फार बारीक असतात. हाताला मऊ लागतात म्हणून सोडून देऊ नका.

कोकणात आणि मुंबईत पावसाचा मुद्दा वेगळा. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर घरी आल्यावर, पुन्हा सुरू करण्याआधी, डबा उघडा. फिल्टर ओला असेल तर वाळवून परत बसवू नका. ओला झालेला कागद फुगतो, घड्या एकमेकींना चिकटतात, वाळल्यावर त्या पूर्वीसारख्या उघडत नाहीत. आणि डब्याच्या तळाशी पाणी साचलेलं दिसलं तर चावी फिरवू नका. गाडी ओढून गॅरेजला न्या. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, वाकतो.

आणखी एक, उंदीर. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हा डबा म्हणजे त्यांना ऊबदार, बंदिस्त खोली. शेंगांची टरफलं, गोणपाटाचे धागे आणि कुरतडलेला कागद मी स्वतः काढला आहे. गावी महिनाभर गाडी उभी असेल तर निघण्याआधी डबा उघडून बघाच.

कागद, सिंथेटिक की कापूस

बहुतेक गाड्यांत घड्या घातलेला कागदाचा फिल्टर येतो. वहीचा कागद नव्हे हा. राळेसारखा द्राव मुरवून, भाजून कडक केलेला असतो. घड्या यासाठी की तळहाताएवढ्या दिसणाऱ्या चौकोनात कागदाचा मोठा पत्रा मावावा. कृत्रिम धाग्यांचा, नमद्यासारखा सिंथेटिक फिल्टर ओलाव्याला जास्त टिकतो. तुमच्या गाडीच्या कंपनीने तो दिला असेल तर तोच ठेवा, कागदाचा दिला असेल तर कागदाचा. नव्या माणसाने इथे प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

काही कागदी फिल्टर हाताला किंचित तेलकट लागतात. कंपनीनेच त्यात तेल मुरवलेलं असतं, म्हणजे धूळ चिकटून राहावी. ॲक्टिव्हा वापरणाऱ्यांना हे माहीत असेल, तिच्यात असाच असतो. अशा फिल्टरला हवा मारायची नाही, झटकायचाही नाही. वेळ आली की बदलायचा.

तेल लावलेल्या कापडी जाळीचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे फिल्टरही मिळतात, के अँड एनसारखे. किंमत कित्येक पट. पिकअप वाढेल असं सांगितलं जातं. साध्या हॅचबॅकमध्ये रोजच्या चालवण्यात तो फरक जाणवण्याएवढा नसतो. हवा सहज जाऊ देणं आणि बारीक धूळ अडवणं या दोन गोष्टींची ओढाताण असते, आणि आपल्या रस्त्यांवर मला दुसरी महत्त्वाची वाटते. शिवाय धुतल्यावर तेल जास्त लागलं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नाजूक तारेवर ते बसतं आणि गाडी अडखळायला लागते. डबाच काढून उघडा शंकूसारखा फिल्टर लावण्याच्या वाटेला तर जाऊच नका. तो बोनटखालची तापलेली हवा ओढतो, आणि वॉरंटीच्या वेळी कंपनी बोट दाखवायला मोकळी होते.

ट्रॅक्टर असलेल्या घरांना 'ऑइल बाथ' फिल्टर ठाऊक असतो: खाली वाटीत ऑइल, वर तारेची जाळी, वाटीत गाळ बसला की ऑइल बदलायचं. नव्या ट्रॅक्टरांत कोरडे फिल्टर आले, त्यांत बाहेरचा मोठा आणि आत एक धाकटा असे दोन असतात. आतला अखेरचा पहारेकरी, त्याला हवा मारायची नसते. बहुतेक कारमध्ये हा दुसरा नसतो. एकच फिल्टर, त्याच्यामागे थेट इंजिन.

दुकानात

तुमच्यापुढे तीन पर्याय येतील: गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, बॉश, माहले, मान, एलोफिक अशा फिल्टर बनवणाऱ्यांचा, आणि "लोकल". पहिले दोन, नंबर जुळत असेल तर, डोळे मिटून घ्या. फरक शे-दोनशे रुपयांचा असेल तर मी पहिला घेतो, कारण डबाही त्याच कंपनीचा आणि कड नेमकी बसते. फिल्टर किती धूळ अडवतो, किती साठवतो, हवेला किती अडथळा करतो हे मोजण्याची आयएसओ ५०११ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. खोक्यावर तिचा उल्लेख असेल तर बनवणाऱ्याने मोजमाप केलंय एवढं कळतं.

लोकल फिल्टर दीडशेला मिळतो. तो शेजारी ठेवून बघा. घड्या मोजा. पैसे वाचवायचे तर पहिली काटछाट घड्यांत होते, कारण कागद महाग. घड्या सारख्या अंतरावर आहेत का, मध्येच दोन-तीन एकमेकींना चिकटल्यात का ते पाहा. टोकांशी, जिथे कागद कडेत रुतवलेला असतो, तिथे गोंद तुटक आहे का? मग कड अंगठ्याने दाबा. चांगली कड दबते आणि लगेच वर येते. प्लास्टिकसारखी टणक असेल तर डब्याच्या खाचेत ती बसणार नाही, आणि दाबली तशीच राहिली तर दोन उन्हाळ्यांत चपटी होईल.

मला विचाराल तर मधे थोडा कमी प्रतीचा कागद पण कड पक्की, हे मी चांगला कागद आणि ढिली कड यापेक्षा पत्करेन. कागद कमी प्रतीचा असला तरी काही धूळ अडवतो. कडेची फट काहीच अडवत नाही. आणि कागद जसजसा तुंबतो तसतशी हवा त्या फटीतून जास्त ओढली जाते.

नकली माल इथेही आहे. खोक्यावरची छपाई पुसट, अक्षरात चूक, एमआरपीचं लेबल दुसऱ्या लेबलावर चिकटवलेलं, फिल्टरवरचा नंबर खोक्यावरच्या नंबरशी न जुळणारा, अशी कुठलीही शंका आली तर परत करा. बिल घ्या. मामांचा फिल्टर कुठून घेतला होता ते बिल नसल्यामुळे त्यांनाच आठवलं नाही.

बसवताना

फिल्टर हातात असताना डब्याचा खालचा भाग किंचित ओल्या फडक्याने पुसा. तिथे कंप्रेसरची हवा मारू नका, उडालेली धूळ उघड्या पाइपात जाते. तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोक असतं, ते कचऱ्याने बुजलंय का बघा. ज्या खाचेत कड बसते ती खाच बोटाने सगळीकडून तपासा. तिथे अडकलेला गवताचा एक काडीएवढा तुकडासुद्धा कड उचलून धरतो.

फोटो बघून फिल्टर त्याच बाजूने ठेवा. चारी कोपरे आणि चारी बाजू अंगठ्याने दाबत जा. झाकण ठेवल्यावर ते सपाट बसायला हवं. एका बाजूला उचललेलं दिसत असेल तर क्लिप लावून ते जबरदस्तीने खाली ओढू नका. उघडा, कड कुठे दुमडली ते शोधा. बहुतेकदा मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला झाकणाच्या खुंट्या त्यांच्या खाचांत गेलेल्या नसतात. सगळ्या क्लिपा लावा. एक तुटलेली असेल तर ती आधी बदला. स्क्रू असतील तर हाताच्या जोरानेच आवळा, प्लास्टिकचे आटे लगेच मरतात. निघालेली वायर किंवा पाइप परत जोडला का ते पाहून गाडी सुरू करा.

फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहायला विसरू नका. सर्व्हिसिंगला "फिल्टर बदलला" असं बिलावर आलं तर तुमचं अक्षर आहे की गेलं, एवढं बघून खात्री होते.

हवा मारायची की नाही

यावर मामांशी माझा बराच वेळ वाद झाला. "हवा मारून आणली की गाडी पळते," हा त्यांचा अनुभव. ज्यांच्या पुस्तिकेत हवा मारायला परवानगी आहे त्यांनी ती इंजिनाकडच्या, स्वच्छ बाजूने, कमी दाबाने आणि नोझल हातभर लांब धरून मारावी. पंक्चरच्या दुकानात होतं याच्या उलट: पूर्ण दाब, नोझल घड्यांत खुपसलेलं, तेही मळक्या बाजूने. कागदाची छिद्रं मोठी होतात, चिरा पडतात आणि वरची धूळ आत रुतते. पाणी, साबण, पेट्रोल, रॉकेल तर कागदाला लावायचंच नाही.

एक गोष्ट नव्या माणसाला उलटी वाटते. अगदी कोरा फिल्टर धूळ अडवण्यात सर्वांत चांगला नसतो. काही दिवस वापरल्यावर कागदावर धुळीचा जो पातळ थर बसतो तोच पुढच्या बारीक कणांना अडवतो. म्हणून थोडा मळलेला फिल्टर हा आजारी फिल्टर नव्हे. दर आठवड्याला तो थर उडवून मामा फिल्टरला पुन्हा पहिल्या दिवसावर आणत होते.

ॲव्हरेजचंही सांगतो, कारण गॅरेजमध्ये पहिलं कारण तेच देतात. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ॲव्हरेज फारसं बदललं नाही, कारण आत येणारी हवा बघून संगणक इंधन कमी-जास्त करतो. पिकअप मात्र कमी झाला. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे संगणकाविना हवा-इंधन मिसळणाऱ्या, जुन्या गाडीत ॲव्हरेजही घटलं. तेव्हा फिल्टर बदलून लिटरमागे दोन किलोमीटर वाढतील या आशेवर राहू नका. घाटात गाडी उचलत नसेल, डिझेल असेल आणि काळा धूर सोडत असेल, तर मात्र पहिल्यांदा डबा उघडा.

मामांच्या जीपला कंपनीच्या काउंटरवरून चेसिस नंबरने काढलेला फिल्टर बसवला. इंजिनाची झीज फिल्टरने भरून निघत नाही, ऑइल अजून थोडं लागतंच, पण वाढलेलं नाही. नवा फिल्टर बसवल्यावर हजारेक किलोमीटरनंतर एकदाच डबा उघडून पाइपात रुमाल फिरवायचा, असं मी त्यांना सांगितलं होतं. मे महिन्यात त्यांचा फोन आला. "रुमाल पांढराच निघाला रे," म्हणाले. "पंक्चरवाला विचारत होता, हवा मारायला का येत नाही म्हणून."